तुकोबांनी आधी वाटणी केली



आजचं चिंतन तुकोबांच्या चरित्रातल्या एका प्रसंगावर. इंद्रायणी म्हटलं की आपल्याला गाथेच्या वह्या आठवतात. पण त्याआधी तुकोबांनी स्वतःच्या हातानं त्याच नदीत कर्जखतं बुडवली होती.

देहूतलं हे घर दुकानदारी, महाजनकी, सावकारी करणारं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं कोलमडलं. पुढे मन विठ्ठलाकडे वळलं, तेव्हा लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं बुडवायचं त्यांनी ठरवलं. परंपरा सांगते, की त्यांनी आधी वाटणी केली. अर्धी खतं धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि फक्त आपला अर्धा वाटा पाण्यात सोडला.

आपण 'केवढा त्याग!' म्हणून पुढे जातो. मला मात्र ती वाटणी मोठी वाटते. वैराग्याच्या भरातही दुसऱ्याच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. म्हणजे कुठला पैसा कुणाचा, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता आपलं बघा. सेलमध्ये खरेदी झाली, कार्डाचं बिल आलं ५०,००० रुपये. ॲप प्रेमानं म्हणतं, 'मिनिमम ड्यू' भरा. समजा ती रक्कम ५ टक्के आणि व्याज महिना ३.५ टक्के. तुम्ही २,५०० भरलेत. त्यातले १,७५० व्याजात गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. मूळ कर्ज उतरलं फक्त ४३५ रुपयांनी! शिवाय बाकी राहिली, की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

हा वाटा कुणाचा खर्च झाला? पाच वर्षांनंतरच्या तुमचा. कान्होबा निदान समोर होते, आपला वाटा मागू शकत होते. उद्याचे तुम्ही आज मागायला येऊ शकत नाही.

तसंच पुढच्या पिढीचं. त्याच इंद्रायणीवर आळंदीला आज फेस तरंगताना दिसतो, कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याचा. आपण घेतलेली प्रत्येक वस्तू कुठेतरी बनते, धुतली जाते, फेकली जाते. तिचाही हिशेब कुठल्यातरी नदीत जमा होतोच. पुढे वारीला येणाऱ्या पोरांच्या वाट्याचं पाणी आपण वापरतोय.

हौस करू नका असं नाही हं. वारीतसुद्धा फुगडी असतेच! फक्त ती आपल्या वाट्यातली असावी.

आजची साधना: हरिपाठ झाला की दहा मिनिटं मागच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडा. प्रत्येक ओळीपुढे लिहा: गरज, हौस, की 'आठवतच नाही'. कार्टमधली वस्तू आठवडाभर तशीच ठेवा; जुनी दुरुस्त होते का, ते आधी बघा. आणि कार्डाचं बिल भराल तर पूर्ण भरा.

तुकोबांनी लोकांना कर्जातून मोकळं केलं. आपण स्वतःच्या नावानं नवं खत लिहून देण्याआधी निदान एवढं विचारूया, हा वाटा कुणाचा?

राम कृष्ण हरी!