रिकामं पोतं

ढेपीच्या पोत्याचं तोंड उघडायची एक रीत आहे. शिवणीचं बरोबर टोक सापडलं की दोरा एका ओढीत सर्र निघून येतो. चुकीचं धरलं की गाठी बसतात आणि मग विळा लागतो. माय विळा लावू द्यायची नाही. दोऱ्याची गुंडी कोनाड्यात, पोतं झटकून, घडी घालून माळ्यावर, हा आमच्या घरचा नेम.

दोन म्हशी आणि एक बैलजोडी म्हणजे आठवड्याला जवळपास एक पोतं सरकीची ढेप. वर्षाकाठी चाळीसेक पोती रिकामी व्हायची आणि त्यातलं एकही वाया जायचं नाही. दोऱ्यावर गिलक्याचा वेल चढायचा. न्हाणीला आडोसा पोत्याचाच. पावसात एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यावर खोळ तयार. चार पोती उसवून जोडली की खळ्यात दादर वाळवायला पाल. खताच्या पोत्यात मात्र दाणा भरायचा नाही, त्यात फक्त शेणखत आणि माती. हे मायला कुठल्या शाळेनं शिकवलेलं नव्हतं.

मायचं अर्धं आयुष्य तागाच्या पोत्यात गेलं. ते पोतं फाटलं की ठिगळ, ठिगळ संपलं की पायपुसणं, मग गोठ्यात बैलाखाली, आणि शेवटी उकिरड्यात. पुढच्या वर्षी शेणखताबरोबर ते शेतात जायचं ते मातीच होऊन. धान्य आणि साखरेसाठी ताग वापरायचा कायदा 1987 साली झाला, रेशनच्या दुकानात तागाचं पोतं अजून दिसतं. आमच्या ढेपीला त्या कायद्याचं काही नव्हतं. ती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पोत्यात आली, आणि मायनं जुना नेम नव्या पोत्याला तसाच लावला. मीही.

चूक कुठं झाली ते मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला बदलतं. पैसा, दाणे, कपडे, पायतण सगळं त्या दिवशी बोलून ठरतं. रिकामी पोती बोलण्यात नसायची, पण 'लागतील तशी ने' असं आमच्या घरचं चालत आलेलं. एका वर्षी आमच्या सालदारांनी पोती मागितली. नाना म्हणायचो मी त्यांना. वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. पावसाळ्याआधी छपरावर घालायला हवी होती. मी माळ्यावर चढलो. आता खरं सांगतो. वरची चांगली पोती मी बाजूला ठेवली, कारण गावात बारदानवाला यायचा आणि चांगल्या पोत्याला चार-पाच रुपये द्यायचा. नानांना दिली ती गोठ्याच्या पत्र्यावर दोन उन्हाळे काढलेली. दिसायला धड होती. घडी घालून, दोऱ्यानं बांधून दिली. देताना बरंही वाटलं.

हे प्लॅस्टिक पट्ट्यांचं विणलेलं असतं आणि त्याला ऊन मारतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो. तशा उन्हात दोन वर्षं पडलेलं पोतं बोटानं दाबलं तरी पिठासारखं होतं. मला हे ठाऊक होतं. गोठ्यावरून काढताना माझ्याच हाताला त्याचे पांढरे तुकडे चिकटले होते.

मृगाचा पहिला पाऊस वाऱ्यासकट आला. सकाळी नाना वेळेवर कामाला आले. मी विचारलं, छपराचं कसं? "काही नही भाऊ, रातभर जागाच व्हतूत," एवढंच म्हणाले आणि बैल सोडायला गेले. आवाजात रागबिग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या चांगल्या पोत्यांचे मला दीडशे रुपये आले होते.

काटकसर चांगली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण माझी ती काटकसर होती की संपलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं होतं? फेकून दिली असती तर निदान फेकली असं म्हटलं असतं. मी तिला 'देणं' म्हटलं. घरातला जुना सदरा, शिळी भाकर, विटलेलं लोणचं देताना आपण असंच करतो का, हे तेव्हापासून मी स्वतःला विचारतो. उत्तर दरवेळी सारखं येत नाही. गरज असलेला माणूस वाईट वस्तूलाही नाही म्हणत नाही, म्हणून ती दिलेली चालते, असं थोडंच आहे?

पुढं गावात वनराई बंधाऱ्याचं श्रमदान निघालं. नाल्यात वाळू भरलेली पोती रचायची, पाऊस सरता सरता पाणी अडवायचं. घरटी दहा पोती. त्या वेळी मी चांगली दिली. पाणी अडलं, नाल्याकाठच्या विहिरींना उतरलं, गहू निघाला. काम चांगलंच होतं. पण साक्रीकडे पांझरेवर फडाचे दगडी बंधारे आहेत, शेकडो वर्षांचे, त्यांच्याजवळ उभं राहिलं की आपल्या पोत्यांची लाज वाटते. आमचा बंधारा उन्हाळ्यात फाटला. पावसाळ्यात वाळू गेली, पोत्यांच्या चिंध्या खालच्या शेतांत पसरल्या. चांगलं पोतं दिलं काय नि कुजकं दिलं काय, शेवटी घेणारं कुणीतरी होतंच. या खेपेला जमीन होती, आणि जमीन तर 'जागाच व्हतूत' एवढंही म्हणत नाही.

माय गेली तेव्हा कोनाड्यात दोऱ्याच्या सात गुंड्या निघाल्या. मी अजून पोतं विळ्यानं फाडत नाही. पोती सावलीत ठेवतो, ऊन खाल्लेलं कुणाला देत नाही, आणि नाना असेपर्यंत चांगली आधी त्यांच्या घरी गेली. तरी वखराची पास साफ करायला थांबलो की तिच्यात पांढऱ्या पट्ट्या अडकलेल्या असतात. एकेक ओढून खिशात टाकतो. संध्याकाळपर्यंत खिसा भरतो. जाळावं तर धूर, पुरावं तर तीच माती. खिसा तसाच घेऊन घरी येतो.