कुदळीला का भ्यावे?



नाताळ किंवा पास्काचा सण जवळ आला की दूरचित्रवाणीवर, आणि आता हातातल्या मोबाइलवरही, एक ठरावीक मजकूर येऊ लागतो. इस्राएलमध्ये कुठेतरी उत्खनन झालेले असते, काही भांडी, एखादी कबर, एखादा कोरलेला दगड सापडलेला असतो आणि वर मथळा असतो : 'बायबल खोटे ठरले?' त्याच आठवड्यात दुसराही संदेश येतो : 'नोहाचे तारू सापडले, शास्त्रज्ञ थक्क!' पहिला संदेश वाचून आपण चिडतो किंवा आतल्या आत घाबरतो. दुसरा वाचून आनंदतो आणि लगेच दहा जणांना पाठवतो. मात्र दोन्ही वेळा एक गोष्ट राहून जाते. 'हे खरे आहे का?' असे आपण विचारत नाही.

प्रश्न पुरातत्त्वाचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे. साक्ष आपल्या बाजूची असेल तेव्हाच ती खरी मानायची का? तराजू एक असावा की दोन? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

यरीहो नगराचे उदाहरण घेऊ. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोकांनी सात दिवस नगराला फेऱ्या घातल्या, रणशिंगे फुंकली, जयघोष केला आणि तट कोसळला, ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. 1930 ते 1936 या काळात जॉन गारस्टँग या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. त्यांना कोसळलेल्या तटाचे अवशेष मिळाले आणि हा यहोशवाच्या काळातलाच तट, असे त्यांनी जाहीर केले. अनेक ख्रिस्ती लोकांना आनंद झाला. पुढे 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केनियन या विदुषीने तेच ठिकाण अधिक काटेकोरपणे, मातीचा एकेक थर वेगळा करून खणले. तो तट गारस्टँग यांनी सांगितलेल्या काळाच्या सुमारे हजार वर्षे आधीचा निघाला. नंतरचे नगरही इ. स. पूर्व 1550 च्या सुमारास नष्ट झाले होते. यहोशवाचा काळ म्हणून बहुतेक अभ्यासक जे तेरावे शतक सांगतात, त्या काळात तिथे तटबंदीचे नगर असल्याची खूण मिळाली नाही. काही जण आजही वेगळे मत मांडतात, पण बहुसंख्य अभ्यासक केनियनबाईंचेच म्हणणे मानतात.

जमीन तीच, नगर तेच. पहिल्या वेळी ज्यांनी पुरातत्त्वाला डोक्यावर घेतले, त्यांतल्या कित्येकांनी दुसऱ्या वेळी त्याला श्रद्धेचा शत्रू ठरवले. पुढे 1999 मध्ये तेल अवीव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ झेएव हर्झोग यांनी 'हाआरेत्झ' या इस्राएली वृत्तपत्रात लेख लिहिला. मिसर देशातून झालेले निर्गमन आणि कनान देशाचा विजय या गोष्टी बायबलमध्ये सांगितल्या आहेत तशा घडल्याचा पुरावा जमिनीत मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशात मोठे वादळ उठले. आणि त्याआधी सहाच वर्षे, 1993 मध्ये, त्याच देशात तेल दान येथे इ. स. पूर्व नवव्या शतकातला एक शिलालेख सापडला होता. त्यावर 'दावीदाचे घराणे' असे शब्द आहेत. दावीद राजा म्हणजे केवळ दंतकथा, असे म्हणणाऱ्यांना त्या दगडाने विचारात पाडले. कुदळ कोणत्याही पक्षाची नसते. ती जे लागेल ते वर काढते.

आता आपल्या जवळचे उदाहरण. 2006 मध्ये 'द दा विंची कोड' हा चित्रपट आला. तो संशोधन नव्हता, एका कादंबरीवर आधारलेली काल्पनिक कथा होती. तरी मुंबईत ख्रिस्ती लोकांनी निदर्शने केली, उपोषण झाले. हे सर्व काल्पनिक आहे अशी सूचना पडद्यावर दाखवण्याच्या अटीवर सेन्सॉर मंडळाने परवानगी दिली. गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. भाविकांचे मन दुखावले होते, ते दुःख खोटे नव्हते. पण बंदीमुळे एकाही शंकेचे उत्तर मिळाले नाही.

याउलट पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, येशूच्या कुटुंबाची कबर सापडल्याचा दावा करणारा एक माहितीपट निघाला. ही कबर जेरुसलेमच्या ताल्पियोत भागात बांधकाम चालू असताना 1980 मध्येच उघडकीस आली होती. तिच्यात दहा अस्थिपेट्या होत्या. त्यांतल्या काहींवर येशू, योसेफ, मरिया अशी नावे होती. त्या कबरीचा अहवाल लिहिणारे अमोस क्लोनर हे पुरातत्त्वज्ञ काही ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांनी हा दावा फेटाळला. ही नावे त्या काळच्या यहुदी समाजात घरोघरी असत. आपल्या एखाद्या दफनभूमीत जॉन, मेरी आणि जोसेफ ही नावे शेजारी शेजारी दिसली, तर त्यावरून काय सिद्ध होईल? येथे उत्तर मिळाले ते ज्ञानातून. बंदी घालून ते मिळाले नसते.

दुसऱ्या प्रकारच्या संदेशांकडेही वळले पाहिजे. समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाके, डोंगरावर नोहाचे तारू, असले संदेश आपल्याकडे श्रद्धेने फिरतात. ते खरे असल्याचे कोणत्याही जबाबदार पुरातत्त्वज्ञाने मान्य केलेले नाही. 'त्यात काय बिघडले? लोकांची श्रद्धा तर वाढते,' असे कोणी म्हणेल. पण आठव्या आज्ञेत देवाने खोट्या साक्षीला मनाई केली आहे आणि त्या आज्ञेला 'देवाच्या फायद्यासाठी असेल तर चालेल' अशी सवलत जोडलेली नाही. इयोबाच्या पुस्तकात इयोब आपल्या मित्रांना नेमके हेच विचारतो. देवाची बाजू घेण्यासाठी तुम्ही असत्य बोलणार काय? आणि शेवटी देव त्या वकिली करणाऱ्या मित्रांवरच रागावतो.

वॉशिंग्टन येथील बायबल संग्रहालयाची गोष्ट या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मृत समुद्राजवळच्या प्राचीन गुंडाळ्यांचे म्हणून सोळा तुकडे त्या संग्रहालयाने मिळवले होते. शंका आल्यावर संग्रहालयाने स्वतःच तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. सोळाही तुकडे बनावट निघाले आणि 2020 मध्ये संग्रहालयाने ते जगापुढे मांडले. त्यांची नामुष्की झाली, पण बायबलचे काही बिघडले नाही. बायबलचा सन्मान खोट्या तुकड्यांनी वाढत नसतो.

खरे संशोधन कसे बोलते, हे पाहायला गोव्यापर्यंत गेले तरी पुरे. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला ख्रिस्ती श्रद्धा सोडत नाही म्हणून 1624 मध्ये इराणात छळ करून ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिच्या काही अस्थी 1627 मध्ये जुन्या गोव्यात आणल्या, असे जुने पोर्तुगीज कागद सांगत होते. त्यांच्या मठाचे पुढे भग्नावशेष झाले. भारतीय पुरातत्त्व विभागाने त्या कागदांच्या आधारे उत्खनन केले, एक अस्थी मिळाली आणि हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात तिची डीएनए तपासणी झाली. भारतात सहसा न आढळणारा आणि जॉर्जियात आढळणारा अनुवंश तिच्यात दिसला. एवढे जुळूनही शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच 'बहुधा' हा शब्द घातला. ही अस्थी बहुधा राणी केतेवानची आहे. 2021 मध्ये भारत सरकारने हे अवशेष जॉर्जियाला दिले, तेव्हा तिथल्या भाविकांनी ते डोळ्यांत पाणी आणून स्वीकारले. 'बहुधा' या शब्दाने त्यांची भक्ती कमी झाली नाही. हा शब्द श्रद्धेचा वैरी नाही. माणसाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगण्याची ती नम्रता आहे.

ख्रिस्तसभेला ही नम्रता नवी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच इशारा दिला होता. सृष्टीविषयी ज्या गोष्टी अख्रिस्ती लोकांनाही नीट ठाऊक आहेत, त्यांबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने वाटेल ते बोलू लागला, तर लोक शास्त्रालाच हसतील. फादर लाग्रांज या डोमिनिकन धर्मगुरूंनी 1890 मध्ये जेरुसलेममध्ये बायबल अभ्यासाचे विद्यालय सुरू केले. पोप पायस बारावे यांनी 1943 मध्ये प्राचीन लेखनप्रकारांचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट केले की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य सांगायचे होते ते शास्त्र निर्दोषपणे शिकवते. ते समजून घेताना लेखकाने कोणत्या प्रकारात लिहिले, हे पाहिले पाहिजे. स्तोत्र, दृष्टान्त, राजांची बखर आणि शुभवर्तमान यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

कोकणातल्या माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. आपला पूर्णगडचा किल्ला कोणी बांधला? कोणी शिवाजी महाराजांचे नाव घेतो, कोणी कान्होजी आंग्र्यांचे. मुचकुंदीचा पूल ओलांडून गावखडीवरून पुढे गेले की कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर प्राणी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली ही कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेली. त्यांचे वय हजारो वर्षे सांगतात, काही अभ्यासक दहा हजार आणि त्याहूनही अधिक म्हणतात. जग इ. स. पूर्व 4004 मध्ये निर्माण झाले, असा हिशेब आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात मांडला होता. तो हिशेब धरला तर हा कशेळीचा हत्ती जगाच्याही आधीचा ठरायचा! तो आकडा ख्रिस्तसभेने विश्वासाचा भाग म्हणून कधी शिकवलेला नाही. देवाने सर्व निर्माण केले, हे आपण मानतो. किती वर्षांपूर्वी, हे कातळाला विचारायला हरकत नाही.

येथे मात्र एक सोपी पळवाट आहे, ती आपण घेऊ नये. 'सगळे रूपकच आहे, घडले काय आणि न घडले काय, अर्थ महत्त्वाचा,' असे म्हटले की सर्व वाद मिटतात. पण मग आपला विश्वासही विरून जातो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे संत पौल करिंथकरांना बजावतात. मिस्सेच्या वेळी आपण आपला विश्वास प्रकट करतो, त्यात एका रोमन अधिकाऱ्याचे नाव घेतो. पंतय पिलात. त्याचे नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरिया येथे सापडला. संत योहानांनी वर्णन केलेले पाच पडव्यांचे तळेही जेरुसलेममध्ये संत आन्ना यांच्या मंदिराजवळ खणून मिळाले आहे. आपला देव एका ठरावीक देशात, ठरावीक राजवटीत माणूस झाला. इतिहासात उतरलेल्या देवाच्या भक्तांनी इतिहासाच्या तपासणीला नाही म्हणू नये. पिलाताचा दगड येशूच्या काळाविषयी साक्ष देतो. पिलातापुढे उभा असलेला तो कैदी देवाचा पुत्र होता, हे मात्र कोणताही दगड सांगू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. तिथे साक्ष आहे ती प्रेषितांची, आणि त्या साक्षीसाठी प्राण देणाऱ्यांची.

यरीहोकडे शेवटी पुन्हा पाहू. तट पडल्यावर नगरातल्या पुरुष, स्त्रिया, मुले, म्हातारे अशा सर्वांची कत्तल झाली, असे त्याच अध्यायात आहे. तट पडला नव्हता असे ऐकून आपली झोप उडते. त्या मुलांविषयी वाचताना ती उडाली होती का? आपली श्रद्धा विटांच्या तटाला अधिक जपते की निष्पाप जिवांना, हा प्रश्न केनियनबाईंच्या कुदळीने नकळत आपल्यापुढे ठेवला आहे. त्या कथेत देवाच्या सामर्थ्याविषयी इस्राएलची श्रद्धा बोलते, आणि त्या जुन्या काळाचे युद्धाचे कठोर रिवाजही बोलतात. दोन्ही वेगळे ओळखायला शिकवणारा प्रभू येशू आहे. शत्रूवर प्रीती करा, असे त्याने सांगितले. जुना करार त्याच्याच उजेडात वाचायचा असतो.

हे सर्व मुलांसाठी महत्त्वाचे आहे. शिक्षणासाठी रत्नागिरी, पुणे, मुंबईला गेलेला मुलगा किंवा मुलगी असा एखादा माहितीपट पाहते आणि सुट्टीत घरी येऊन विचारते, 'यरीहोचे खरे काय?' 'असले पाप बघू नकोस' एवढेच उत्तर मिळाले तर ते मूल वाद घालत नाही. ते गप्प होते, आणि हळूहळू रविवारी यायचेही थांबते. त्याऐवजी म्हणावे, 'बस, आपण तो अध्याय उघडून वाचू या. कळले नाही तर फादरांना विचारू.' आणि आम्हा धर्मगुरूंनाही ठाऊक नसेल तेव्हा 'ठाऊक नाही, शोधून सांगतो' असे म्हणण्याची लाज वाटू नये.

या आठवड्यात असा एखादा संदेश आला, मग तो आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध, पुढे पाठवण्याआधी एकदा विचारू या : हे मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगू शकेन का? जो स्वतःला सत्य म्हणवतो, त्याच्या अनुयायांना कोणत्याही सत्याची भीती वाटायला नको. प्रभू आपल्याला निर्भय आणि प्रामाणिक श्रद्धा देवो.