कारागिराचा हात

खंडेनवमीला आमच्या घरी एकाच पाटावर विळा, कोयता, रंधा आणि आजोबांची गंजलेली तलवार अशी सारी मंडळी शेजारी शेजारी बसतात. गंधफूल सर्वांना सारखेच. यंदा धाकटीने विचारले, "बाबा, तलवार करणाऱ्याला पाप लागते का हो?" मी पडलो शाळामास्तर, उत्तर तोंडावर तयार. म्हटले, "पाप मारणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नव्हे." तिचे समाधान झाले. माझे मात्र आज दिवाळी आली तरी झालेले नाही.

याचे कारण मिखाईल कलाश्निकोव. रशियातल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. १९४१ च्या ऑक्टोबरात ब्र्यान्स्कजवळ रणगाड्यावर लढताना तो जबर जखमी झाला. रुग्णालयात सोबतचे सैनिक जर्मनांच्या सरस शस्त्रांविषयी बोलत. ते ऐकून, खाटेवर पडल्या पडल्याच त्याने बंदुकीची चित्रे काढायला घेतली. पुढे १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याची रायफल स्वीकारली. तीच एके-४७.

तिची रचना पाहिली की कारागिराला दाद द्यावीशी वाटते. गोळी सुटली की तिच्यामागच्या वायूचा थोडा भाग एका दट्ट्याला मागे रेटतो. रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या जोराने नवे आत बसते. फिरते भाग मुद्दामच थोडे सैल ठेवलेले. त्यामुळे वाळू गेली, चिखल गेला, तरी ती सहसा अडत नाही. उघडून पुसणे सोपे, चालवायला शिकणे त्याहून सोपे. अर्धशिक्षित शिपायाच्या हातीही ती चालावी, हीच त्याची तळमळ होती.

आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. जी अर्धशिक्षित शिपायाच्या हाती चालते, ती दहा वर्षांच्या पोराच्या हातीही चालते. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांत अशी पोरे खांद्यावर हीच बंदूक घेऊन फिरली. तिचा गुण तोच तिचा दोष. कारागीर कच्चा असता, तर जगाचे थोडे भले झाले असते!

सुरीने भाजीही चिरता येते, असे आपण म्हणतो. रायफलीने भाजी चिरता येत नाही. पण त्याने बंदुकीची चित्रे काढायला घेतली तेव्हा शत्रू देशात घुसला होता, हेही खोटे नाही. कलाश्निकोव आयुष्यभर हेच सांगत आला, की मी मातृभूमीच्या रक्षणासाठी घडवली, दोष राजकारण्यांचा. तरीही २०१२ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्याने आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहून विचारले, की माझ्या बंदुकीने माणसे मेली, तर त्यांच्या मृत्यूचा दोष माझ्याकडे येतो का? देशरक्षणासाठी शस्त्र घडवणाऱ्याच्या पाठीशी आम्ही आहोत, अशी चर्चची भूमिका होती. २०१३ च्या डिसेंबरात तो गेला.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत याच जातीच्या रायफली धडाडल्या. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याकडचे तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ काठी असताना त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. मारेकरी जिवंत सापडला. बंदूक कोणी केली, याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती. घडवणाऱ्याच्या हातून निसटलेले त्यांनी आपल्या हातांनी अडवले.

मला वाटते, मारणाऱ्याचे पाप घडवणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पण घडवणाऱ्याने 'माझा काय संबंध?' म्हणून हात झटकणे हेही खरे नव्हे. म्हाताऱ्याने तो प्रश्न विचारला, यातच त्याचे माणूसपण उरले होते. मीही अक्षरे शिकवतो. त्याच अक्षरांनी कोणी आईला पत्र लिहितो, कोणी खोटा दस्तऐवज.

धाकटीला मी आता उत्तर बदलून सांगितले आहे. "पाप लागते की नाही, ते देव जाणे. पण झोप मात्र उडायला हवी."