समाधी कोण राखते?

प्रसिद्ध माणसांच्या कबरी असलेले, हिरवळीने आणि झाडांनी सजवलेले दफनस्थान ही कल्पना अमेरिकेने जगभर पोचवली, पण तिचे मूळ पॅरिसमध्ये आहे. 1804 मध्ये तिथे पेर लाशेज सुरू झाले तेव्हा ते शहरापासून लांब होते आणि आपली माणसे तिकडे पुरायला कोणी तयार होईना. तेव्हा चालकांनी मोलिएर आणि ला फोंतेन यांचे अवशेष तिथे आणवले. थोरांच्या शेजारी जागा मिळते म्हटल्यावर लोकांचा ओढा वाढला. म्हणजे प्रसिद्ध कबर ही अशा बागेची पुढे वाढलेली शोभा नव्हे, ती पहिल्यापासून तिची जाहिरात होती. पुढे लॉस एंजेलिसजवळ ग्लेनडेलला 1906 मध्ये फॉरेस्ट लॉन निघाले. 1917 पासून ह्यूबर्ट ईटनने उभ्या थडग्यांऐवजी जमिनीलगतच्या पाट्या आणल्या, मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या प्रतिकृती मांडल्या, लग्नांसाठीही आवार खुले केले. या साऱ्यामागे एक आश्वासन होते. जागेच्या किमतीतला काही भाग निधीत पडेल, त्याच्या व्याजावर कबरीची देखभाल कायम चालेल, वारसांनी काळजी करू नये.

माझा आक्षेप या आश्वासनाला आहे. मृताची जागा पैसा राखतो, की कीर्ती, की सौंदर्य, की तिथे दरवर्षी काहीतरी करायला येणारी माणसे? हा प्रश्न तपासायला तिसगावइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. नगरहून पाथर्डीकडे जाताना हे गाव लागते. त्याच्या बरेच आधी, नगरच्या बाजूला शाह डोंगरावर, सलाबतखानाची कबर आहे, आणि गावापासून थोड्याच अंतरावर मढीच्या गडावर कानिफनाथांची समाधी.

सलाबतखान हा मुर्तझा निजामशहाचा दिवाण. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती होता, आणि फराहबागेच्या उभारणीशीही त्याचे नाव जोडलेले आहे. बागेत कबर ही कल्पना तेव्हा नगरला नवी नव्हती. शहर वसवणारा अहमद निजामशहा सीनेच्या काठी बागरोजात पुरलेला आहे, आणि त्याच आवाराजवळ तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणाऱ्या हत्तीचीही कबर असल्याचे सांगतात. सलाबतखानाने मात्र नदीकाठ न घेता डोंगरमाथा घेतला. अष्टकोनी, तीन मजली, दगडी इमारत, खाली तळघरात कबर, आणि वरून चहूकडचा मुलूख दिसावा अशा कमानी. सत्ता, पैसा, जागेची निवड, बांधकाम, कशातही उणे नव्हते. तरी आज नगरमध्ये कोणालाही विचारा, ती इमारत चांदबीबीचा महाल आहे. मोगलांशी नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीची कबर तिथे नाही, पण लोकांनी डोंगरावरच्या सर्वांत देखण्या वास्तूला आपल्या आवडत्या राणीचे नाव दिले. इंग्रजांनी तर तिथे गोऱ्या शिपायांसाठी हवा पालटण्याची सोय केली होती. इमारत टिकली आणि जिच्यासाठी ती बांधली ती आठवण गेली. इतकी निर्भेळ साक्ष इतिहासात क्वचित मिळते.

मढीला उलट घडले. कानिफनाथांच्या काळाबद्दल इतिहास ठामपणे फारसे सांगू शकत नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने तर या जागेची शाह रमजान माहीसवार आणि कान्होबा अशी दोन्ही नावे नोंदली आहेत, आणि जागेच्या हक्काचा वाद आजही मिटलेला नाही. म्हणजे नावाचा गोंधळ इथेही आहेच. तरीही होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा भरते, रंगपंचमीला नाथांनी समाधी घेतली म्हणून त्या दिवशी गड माणसांनी फुलतो, रेवडीचा प्रसाद वाटला जातो. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. गोपाळ, कैकाडी, वैदू असे समाज पाले टाकून इथे उतरतात. गडाच्या बांधकामात आपल्या पूर्वजांनी दगड वाहिले, अशी परंपरा ते सांगतात आणि त्या कष्टातूनच आपला मान आला असे मानतात. मानाची होळी गोपाळांची, तिच्या गोवऱ्या मानाच्या, आणि वेगवेगळ्या समाजांच्या काठ्या वाजतगाजत येऊन कळसाला टेकतात. इथे येणारा माणूस नुसता पाहुणा नसतो. त्याच्या हाती एक काम असते, ते त्याच्यावाचून दुसऱ्याने करायचे नसते, आणि तो आला नाही तर त्याची जागा रिकामी दिसते. ग्लेनडेलच्या निधीला जे विकत घेता येत नाही ते हेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तुलनाच चुकीची आहे. मढी हे देवस्थान आहे, श्रद्धा जिथे आहे तिथे माणसे येणारच, सिनेनटांच्या कबरीला हा निकष लावू नये. पण श्रद्धेची बाब नसलेल्या ठिकाणीही हाच अनुभव आहे. हॉलिवूडमधले 1899 चे जुने दफनस्थान घ्या. मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो 1926 पासून तिथे आहे. कीर्ती होती, निधीही होता, पण चालवणाऱ्यानेच तो निधी खाल्ला, आणि 1998 मध्ये दिवाळखोरीत गेलेली ती बाग नव्या मालकाने 3,75,000 डॉलरना घेतली. इकडे जुहूच्या कब्रस्तानात मधुबाला आणि मोहम्मद रफी यांच्या कबरी होत्या. 2010 मध्ये नव्या दफनांना जागा हवी म्हणून त्या काढल्या गेल्या. रफींचे चाहते आजही येतात आणि जवळच्या नारळाच्या झाडाच्या खुणेने जागा ओळखतात. त्यांचे प्रेम खरे आहे, पण त्या कब्रस्तानाच्या व्यवहारात त्यांना स्थान नव्हते, म्हणून त्यांना कोणी विचारले नाही. कब्रस्तानाचे चुकले असेही मी म्हणणार नाही. शहरात पुरायला जागा नाही आणि सामान्य माणसाच्या मय्यतीचा हक्क प्रसिद्धाच्या कबरीहून लहान नाही. उलट चैत्यभूमीकडे पाहा. 7 डिसेंबर 1956 ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथे ना बाग, ना ऐसपैस आवार. पण 6 डिसेंबरला येणारा माणूस अभिवादन करतो आणि पुस्तके घेऊन घरी जातो, गावोगावची मंडळे जेवणाची, पाण्याची, औषधांची सोय अंगावर घेतात. तिथली कीर्ती कामाला लागलेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मान म्हणजे उतरंड, आणि मढीच्या यात्रेतच भटक्यांच्या जातपंचायती बसत, माणसांना वाळीत टाकत, बायकांचे आयुष्य चव्हाट्यावर निवाड्याला ठेवत. अशा व्यवस्थेचे गोडवे गावेत काय? गाऊ नयेत. त्या अन्यायाविरुद्ध झगडणाऱ्या कार्यकर्त्यांचे ऋण मोठे आहे, आणि 2016 मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो त्यांच्याच रेट्यामुळे. पण पुढे काय झाले हेही पाहावे. पंचांच्या न्यायनिवाड्याचा आधार गेला, यात्रा थांबली नाही. होळी पेटते, काठ्या येतात. माणसावर चालवलेली हुकमत आणि जागेसाठी केलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पहिली काढून दुसरी ठेवता आली. शिवाय उतरंड काही मानाच्या व्यवस्थेचीच मक्तेदारी नाही. 1952 मध्ये ऑस्करविजेत्या हॅटी मॅकडॅनियलची इच्छा असूनही ती कृष्णवर्णीय म्हणून हॉलिवूडच्या त्या बागेने तिला जागा नाकारली. स्मारकाचा दगड तिला मिळाला 1999 मध्ये.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कामावर उभी असलेली स्मृती कामाबरोबर ढळूही शकते. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. तो भटक्यांच्या धंद्याशी बांधलेला आहे, आणि 2012 आणि 2019 च्या पशुगणनांच्या मधल्या काळात देशातली गाढवे 60 टक्क्यांहून अधिक घटली. ओझे आता टेम्पो वाहतो. पुढची पिढी शहरांच्या कडेला स्थिरावते आहे, तिच्या मुलांची शाळा ऐन यात्रेच्या दिवसांत चालू असते, आणि पाल टाकायला मोकळी जमीन दरवर्षी आक्रसते. म्हणून तीर्थक्षेत्राच्या विकासाचा आराखडा निघतो तेव्हा कमान, कारंजे आणि बगीचा यांच्या आधी मुक्कामाला राखीव जागा, पाणी, शौचालये आणि रात्रीचा उजेड यांचा खर्च मांडला पाहिजे, आणि तो कुठे करायचा हे ठरवताना काठी घेऊन येणाऱ्यांना बैठकीत बसवले पाहिजे.