पहिला शब्द कुणाचा?

बहिणीची पोरगी सहा वर्षांची. परवा सूतगिरणीतली रात्रपाळी करून आलो, तर ती घराचं चित्र रंगवत बसलेली. आजी, आई, मी, सगळे फिक्या गुलाबी खडूनं रंगवलेले. म्हणलं, "अगं, आपण असे कुठं आहोत?"

"मामा, ह्यालाच अंगाचा रंग म्हणतात."

मी गप्प झालो.

मित्रांनो, अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या जोडप्यानं १९४० च्या दशकात लहान काळ्या मुलांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या मांडल्या. चांगली कुठली विचारल्यावर बहुतेक पोरांनी गोरी दाखवली. म्हणजे शिवी द्यायचीही गरज नाही. खडूच्या डबीत, पुस्तकात पोराला आपलं तोंड दिसलं नाही, तरी काम होतं.

मग मी तिला 'भीमायन' दाखवलं. २०११ सालचं पुस्तक. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. मजकूर इंग्रजी, म्हणून चित्रावर बोट ठेवून आपल्या बोलीत सांगत गेलो. १९०१ साली लहानगा भीम भावाबरोबर, भाच्यांबरोबर वडलांकडं निघालेला. अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तर आधी नीट बोलतो. जात कळते, तोंड फिरतं. रात्रभर बैलगाडीत जेवण आहे, पाणी नाही. या पुस्तकात टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी काढलीय. अक्षर न वाचता पोरीनं ती आधी ओळखली. मग विचारलं, "मामा, पाणी का नाही दिलं?"

सहा वर्षांच्या जिवाला हे सांगावं का? आमची म्हातारी म्हणते, "आत्ताच कशाला इख पाजतोस?" तिचं खोटं नाही, तिनं ते जन्मभर पचवलंय. पण मी गप्प बसलो म्हणून जग गप्प बसणार आहे का? उद्या वर्गात कुणीतरी आडनाव विचारील, आणि पोरीला जात कळेल ती नांगीवाल्या शब्दातून. पहिला शब्द आपला असावा, एवढंच माझं म्हणणं.

हल्ली सगळे सांगतात, पोरांना स्वतःला स्वीकारायला शिकवा. हा शब्द तपासून घ्या. स्वीकार तर आपल्याला पिढ्यान् पिढ्या शिकवला: गावकुसाबाहेरची जागा स्वीकार, उष्टं स्वीकार, मागल्या जन्माचं पाप स्वीकार. बाबासाहेबांनी हे नाकारलं. १९५६ साली नागपुरात धर्मासकट नाकारलं. म्हणून पोरांना दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागतील. आपला रंग, आजीची बोली, आपली माणसं ही आपली. जात आपली नाही, ती दुसऱ्यानं कपाळावर चिकटवलेली चिठ्ठी. पहिलं छातीशी धरायचं, दुसरं फाडायचं. पण फाडायची तर चिठ्ठी आधी वाचावी लागते. म्हणून सांगायचं.

मी पोरीला म्हणलं, "खोट पाणी न देणाऱ्यात होती. मागणाऱ्यात नव्हती."

तिनं विचार केला. म्हणाली, "मग त्या मास्तरला कुणी ओरडलं का?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. ते पुस्तकातही नाही, ते आपल्याला द्यायचंय. तोवर एक करा. जयंतीच्या डीजेचे थोडे पैसे वाचवा, विहारात चार चित्रांची पुस्तकं आणा, आणि पोरांच्या मांडीला मांडी लावून बसा. पोरं विचारतील. पळू नका.

जयभीम.