चक्रव्यूहात कोणाला पाठवावे?

अभिमन्यूची गोष्ट आपण मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. पण त्यातला एक प्रसंग घाईने उरकतो. सोळा वर्षांचा पोर म्हणतो, मला आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही. त्यावर धर्मराज सांगतो, तू वाट फोड, आम्ही मागोमाग येतो. जयद्रथाने त्यांना अडवले हे खरे. पण पोराला पुढे घातले ते वडीलधाऱ्यांनीच.

सायप्रसच्या एका शाळकरी मुलाचे चरित्र वाचताना हा प्रसंग मनातून जात नाही. एवागोरास पालिकारिदीस हे त्याचे नाव. १९३८ साली पाफोसजवळच्या त्सादा या खेड्यात तो जन्मला. बेटावर राज्य इंग्रजांचे, आणि तिथल्या बहुसंख्य ग्रीकांना ग्रीसमध्ये सामील व्हायचे होते. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वेळी या पंधरा वर्षांच्या मुलाने पाफोसला इंग्रजांचा झेंडा खाली ओढला. १९५५ च्या एप्रिलमध्ये ‘एओका’ या गुप्त संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला. त्याच वर्षी डिसेंबरात, बेकायदा जमावाच्या खटल्याची तारीख उद्यावर आली असता, वर्गसोबत्यांना निरोपाची चिठ्ठी ठेवून हा कविता करणारा मुलगा डोंगरात निघून गेला.

डोंगरातले आयुष्य वर्षभराचेच ठरले. १८ डिसेंबर १९५६ रोजी गाढवांवरून शस्त्रे आणि शिधा नेताना तो पकडला गेला. आणीबाणीच्या कायद्याने बंदूक बाळगणे हाच देहान्ताचा गुन्हा होता. त्याने तो नाकारला नाही. गव्हर्नर हार्डिंगने दया नाकारली, आणि १४ मार्च १९५७ रोजी निकोसियाच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. वय एकोणीस. प्रेतही घरच्यांना दिले नाही. तुरुंगाच्या आवारातच पुरले.

कायदा पाळला गेला म्हणून न्याय झाला, असे कोणी म्हणू नये. परक्यांचे माप त्यांच्या पदरात घालणे सोपे आहे. अवघड प्रश्न आपल्याच बाजूच्या थोरांना विचारायचा असतो. लढ्याचा सेनानी कर्नल ग्रीवास तेव्हा साठीच्या घरात होता. पत्रके वाटायला, निदर्शने करायला शाळेतली पोरे होती. पोर एकोणिसाव्या वर्षी गेला. सेनानी १९७४ पर्यंत जगला.

यावर कोणी म्हणेल, त्याला ढकलले कोणी? झेंडा ओढला तेव्हा लढा सुरूही झाला नव्हता. हे मला मान्य आहे. पारतंत्र्याची लाज मुलांना अधिक झोंबते, कारण ती गिळायची सवय त्यांना अजून लागलेली नसते. त्याच्या धैर्यापुढे माझी मान लवते. परंतु प्राण आपण होऊन देणे वेगळे, आणि दुसऱ्याने ते मागणे वेगळे. पहिल्यात थोरवी आहे. दुसऱ्याचा अधिकार कोणालाच नाही.

शिवाय शौर्याने निष्ठा सिद्ध होते, निर्णय बरोबर ठरतोच असे नाही. १९६० साली सायप्रस स्वतंत्र झाले, पण ग्रीसशी जोडले गेले नाही. आणि त्या जोडणीची धास्ती घेतलेले तुर्की शेजारी त्याच बेटावर राहत होते. १९७४ साली बेट दुभंगले, ते अजून सांधलेले नाही. शेजाऱ्याशी कसे नांदावे हा प्रश्न मरून सुटणारा नव्हता. तो जगून, भांडून, पुन्हा बोलून सोडवायचा होता. आणि असे करू शकणारी मुले आधीच गेली होती.

मी शाळामास्तर आहे. नंदुरबारच्या शिरीषकुमारचे नाव घेतले की वर्गातले डोळे चमकतात. मला ते आवडते, आणि भयही वाटते. म्हणून हुतात्म्यांचा धडा शिकवू नये, असे मी म्हणत नाही. तो पुरता शिकवावा. अभिमन्यू पडल्यावर धर्मराजाने विजयाच्या लोभाचा दोष स्वतःच्या माथी घेतला, हेही मुलांना सांगावे. आणि ज्याला आपल्या पिढीचे ओझे उचलायचे आहे, त्याने चक्रव्यूहाच्या दाराशी आधी स्वतः उभे राहावे.