सायकलवाट आणि समता

रस्ता सर्वांचा आहे असें आपण म्हणतों. पण ज्याच्याभोंवतीं लोखंडाचें कवच आहे तो, आणि दोन चाकें व स्वतःचे दोन पाय एवढेंच ज्याचें भांडवल आहे तो, अशा दोघांस एकाच डांबरावर सोडून देणें, यास समता म्हणावें काय?

यवतमाळ जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांत हा जिल्हा आहे, आणि त्या कार्यक्रमांत शाळेपासून ५ किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या, इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आहे. योजना निःसंशय स्तुत्य. दूरच्या शाळेपायीं मुलीचें शिक्षण तुटूं नये, हें थोडें काम नव्हे. परंतु ती मुलगी आर्णी-महागांवकडची असो कीं पांढरकवड्याकडची, कोठें ना कोठें तिला महामार्ग गांठावा लागतो. आणि हंगामांत कापसानें फुगलेला ट्रक जवळून गेला कीं डांबर सोडून मातींत उतरावें लागतें. चाकें मिळालीं, वाट मिळाली नाहीं. देणाऱ्यावर तिच्या वाटेचीहि कांहीं जबाबदारी येते काय? आमच्या मतें येते. कारण त्या रस्त्यावर तिला आणणारा तोच आहे.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, सायकलवाले आतां उरले किती? तो पुण्याकडे बोट दाखवील. एकेकाळीं सायकलींचें म्हणून गाजलेल्या त्या शहरांत सायकलवाटा झाल्या, त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या. २०१७ सालीं महापालिकेनें नवा सायकल आराखडा मंजूर केला, तरी राज्य मोटारींचेंच आहे. पण ज्या विहिरीला पायऱ्या नाहींत तिच्यांत उतरणारे मोजून गांवाची तहान ठरविणें, हा कसला हिशेब? चौकापाशीं संपणारी वाट तर नेमकी धोक्याच्या जागीं साथ सोडते. हॉलंडांतहि ह्या वाटा आपोआप झाल्या नाहींत. १९७१ सालीं तेथें रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसें मेलीं, त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप चवताळून उठले, आणि १९७३ ची तेलटंचाई त्यांच्या मदतीस आली.

जागा कोणाची घ्यावयाची, हा मात्र खरा कठीण भाग. बाजारांत रस्त्याच्या कडेला बसणारी भाजीवाली त्याच दोन हातांच्या पट्टीवर पोट भरते. तिला उठवून सायकलवाट करणें म्हणजे एका दुर्बळाचा घास दुसऱ्यास देणें होय. जागा काढावी ती मोटारी उभ्या करण्याच्या जागेंतून. आणि आरंभ शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यांपासून व्हावा, असें आम्हांस वाटतें.